दोघांच्या गाडीत एकमेकांचं मूल्यमापन कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ट्रस्टच्या सहा रुग्णवाहिका आहेत आणि त्यांवर डॉक्टर, चालक मिळून चोवीस माणसं काम करतात. वागणुकीबाबत सहकाऱ्यांनीच एकमेकांचं मूल्यमापन करावं म्हणून ऑफिसने मोबाइलवर फॉर्म पाठवला. त्यात दहा मुद्दे होते, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे, स्वतःचं नाव लिहायचं नाही. बहुतेकांनी बहुतेकांना पाचपैकी पाच दिले. एका डॉक्टरांना मात्र जवळजवळ प्रत्येक मुद्द्याला दोन पडले. ते कोणत्या चालकाने दिले हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं आणि आता ते त्या चालकाबरोबर ड्यूटी करायला तयार नाहीत. समन्वयक विचारतात की नावं गुप्त कशी राखायची, गुणांचा फॉर्म सुधारायचा कसा, आणि हे पगारवाढीला जोडलं तर लोक गांभीर्याने घेतील का.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवीधर डॉक्टर. बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, आता गाडीवर नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना आणि चालकांना शिकवते. पगारवाढीचं उत्तर लगेच देते: जोडू नका, कारण पुढे सांगते. आधी नावाचं बघू.

गाडीत माणसं दोनच असतात. ड्यूटीचा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लावलेला असतो. अमुक डॉक्टर गेल्या महिन्यात रात्रपाळीला कोणाबरोबर होते हे चोवीसच्या चोवीस जणांना पाठ असतं. अशा ठिकाणी नाव न लिहिता दिलेला शेरा गुप्त राहतो असं मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक. उलट त्यात एक जास्तीचा तोटा आहे. समोरच्याला अंदाजाने नाव कळतं, पण ज्याने लिहिलं त्याला समोर बसून ‘हो, मी लिहिलं, आणि त्या दिवशी असं झालं होतं’ असं म्हणायची संधी मिळत नाही. शेरा मारणारा लपलेला आणि तरीही उघडा पडलेला. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

गुप्त गुणांची ही पद्धत मोठ्या हॉस्पिटलांतून आली आहे, आणि तिथे तिला आधार आहे. अमेरिकेत डॉक्टरांचं सहकाऱ्यांकरवी मूल्यमापन किती भरवशाचं असतं यावर १९९३ साली त्यांच्या मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. एका डॉक्टरबद्दल भरवशाचा आकडा हवा असेल तर साधारण अकरा सहकाऱ्यांचं मत लागतं, असा त्यातला हिशेब. आता तुमच्याकडचा हिशेब करा. तुमच्या एखाद्या डॉक्टरांना प्रत्यक्ष केसवर काम करताना पाहिलेले किती जण? त्यांच्यासोबत बसलेले चार, फार तर पाच चालक. बाकीच्यांनी त्यांना पाळी बदलताना, चहा पिताना पाहिलंय. त्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून ४.३ आणि ४.६ मध्ये फरक शोधण्यात काही अर्थ नाही. पाच गुण देणाऱ्यांनी खोटेपणा केला असंही मी म्हणणार नाही. न पाहिलेल्या गोष्टीला त्यांनी सौजन्याने पाच दिले, एवढंच.

म्हणून माझा सल्ला: गुण काढून टाका, सरासरी काढून टाका आणि नाव ठेवा. लिहिणाऱ्याचंही नाव. फक्त तो कागद किती मोठा असावा, त्यात काय लिहावं आणि तो कोणी वाचावा, हे काटेकोर ठरवा.

या विषयात पॅरामेडिकच्या, म्हणजे रुग्णवाहिकेवर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या, क्षेत्रात बराच वापरला गेलेला तक्ता अमेरिकेतला आहे. तिथल्या परिवहन खात्याने १९९८ साली पॅरामेडिकसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम काढला, त्याच्या परिशिष्टात व्यावसायिक वागणुकीच्या मूल्यमापनाचा एक फॉर्म दिला होता. मुळात तो शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी भरायचा होता, पुढे तो सहकाऱ्यांसाठीही वापरला जाऊ लागला. त्यात अकरा गोष्टी आहेत: सचोटी, सहवेदना, कोणी न सांगता काम करण्याची वृत्ती, टापटीप आणि स्वच्छता, आत्मविश्वास, बोलणं-ऐकणं, वेळ पाळणं, संघात मिसळून काम करणं, आदर, रुग्णाची बाजू लावून धरणं आणि काळजीपूर्वक काम. २००९ मध्ये तिथे अभ्यासक्रमाच्या जागी नवी शिक्षण-मानकं आली, तरी या अकरा गोष्टी टिकून राहिल्या. इंटरनेटवर फिरणारे बरेच फॉर्म, कदाचित तुमचाही, फिरून फिरून तिथूनच आलेले असतात.

पण फिरताना त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट गळून पडली. मूळ फॉर्ममध्ये गुण नव्हतेच. प्रत्येक बाबीपुढे दोनच चौकटी होत्या: जमतं, किंवा अजून जमत नाही. आणि ‘अजून जमत नाही’वर खूण केली की खाली लिहावं लागायचं, शक्यतो प्रत्यक्ष काय वागणूक दिसली आणि ती सुधारायला काय करायचं ते. म्हणजे तुमच्या त्या चालकाला ‘सचोटी: २’ असं दाबून मोकळं होता आलंच नसतं. त्याला घटना लिहावी लागली असती.

घटना लिहिली की काय फरक पडतो याचं एक उदाहरण देते. कुठलं ते सांगत नाही. मी शिकवत असलेल्या एका सेवेत एका चालकदादांनी एका नव्या डॉक्टरांबद्दल दोनच वाक्यं लिहिली होती: ‘पेशंट कॅज्युअल्टीत उतरवल्यावर मॅडमनी बीपी लिहिलं. गाडीत कफ बांधला नव्हता.’ कफ म्हणजे बीपी घेताना दंडाला बांधायचा पट्टा. एवढंच लिहिलं. ना ‘बेजबाबदार’, ना ‘निष्काळजी’. त्या दोन वाक्यांनी जे काम केलं ते कुठल्याही गुणांनी झालं नसतं. मी त्या डॉक्टरांचे आधीचे केसपेपर काढून टेबलावर ओळीने मांडले. वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या वयाचे रुग्ण. पडलेला, छातीत दुखणारा, बाळंतपणाची केस. बीपी बहुतेकांचं १२०/८०, श्वास सगळ्यांचा मिनिटाला १८. कागद मांडल्यावर मला काही बोलावंच लागलं नाही. त्या म्हणाल्या, हलत्या गाडीत मला स्टेथोस्कोपने ऐकूच येत नाही, आणि ते सांगायची लाज वाटत होती. हे खरं आहे. खराब रस्त्यावर, सायरन चालू असताना स्टेथोने बीपी घेणं अनुभवी माणसालाही जड जातं. त्यावर उपाय आहेत. निघण्यापूर्वी उभ्या गाडीत एकदा बीपी घ्यायचं, हलत्या गाडीत नाडीवर बोट ठेवून कफ सोडत वरचा आकडा तेवढा घ्यायचा आणि ‘नाडीवर घेतला’ असं लिहायचं, नाही मिळाला तर ‘मिळाला नाही’ लिहायचं. श्वास मोजायला अर्धा मिनिट छातीकडे बघत राहायला लागतं. मॉनिटर लावला की बरेच जण ते विसरतात. आठवड्याभरात त्यांच्या कागदावर खरे, वेडेवाकडे आकडे दिसायला लागले. ९४, १३६, श्वास २६.

आता या उदाहरणातली दुसरी बाजू बघा. ते लिहिणारा माणूस चालक होता. केसपेपर तपासणाऱ्या कोणाला तो खोटेपणा दिसला नसता, कारण कागद नीट भरलेला होता. कॅज्युअल्टीतल्या ड्यूटी डॉक्टरांना, सीएमओंना, दिसला नसता, कारण त्यांनी स्वतःचं बीपी घेतलं आणि पुढे गेले. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना कफ बांधला की नाही हे आठवत नाही. रुग्णवाहिकेत जे घडतं त्याचा साक्षीदार एकच असतो, शेजारी बसलेला माणूस. सहकाऱ्याकडून मूल्यमापन करून घेण्याचं माझ्या मते एकमेव कारण हेच. जे दुसऱ्या कोणाला दिसत नाही तेवढंच त्याला विचारायचं. वेळेवर येतो का, गणवेश घालतो का, हे हजेरीपटावरून आणि डोळ्यांनी कळतं. त्यासाठी सहकाऱ्याला कशाला अडचणीत टाकायचं?

इथे आपल्याकडची एक अडचण येते आणि तिच्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांची सेवा उभी राहिली, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत, आणि गाडीवर डॉक्टर ठेवायचा असं ठरलं. गोव्यासह बऱ्याच राज्यांत गाडीवर ईएमटी (आपत्कालीन तंत्रज्ञ) आणि पायलट (चालक) असतात. दोघांच्या शिक्षणात आणि पगारात फार मोठी दरी नसते, त्यामुळे ‘सहकारी’ म्हटलं की दोघं एकमेकांकडे बघतात. आपल्याकडे एका बाजूला पदवीधर डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला चालक. त्यामुळे ‘सहकाऱ्यांकडून मूल्यमापन’ म्हटलं की डॉक्टरांना वाटतं की आपलं मूल्यमापन दुसऱ्या डॉक्टरने करावं. चालकाने लिहिलं तर तो आगाऊपणा वाटतो. ‘दादा, तुम्ही गाडी बघा’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! आणि चालकही उलट्या बाजूने तेच करतात. मॅडम तरुण असल्या तर ‘त्यांना काय कळतंय रस्त्यावरचं’ म्हणून सोडून देतात.

दुसरा डॉक्टर त्या गाडीत नसतोच, मग तो कसलं मूल्यमापन करणार? शिवाय जबाबदारीच्या दृष्टीनेही बघा. बीएएमएस डॉक्टर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनला उत्तरदायी आहे, बीएचएमएस होमिओपॅथी कौन्सिलला. चालकाच्या हातात आरटीओचं लायसन्स. तो गाडी कशी चालवतो हे तिथे बघितलं जातं. मांडी मोडलेल्या माणसाला उचलताना तो कसा बोलतो, हे बघणारं कोणी नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञ म्हणजे पॅरामेडिक हा व्यवसाय मान्यताप्राप्त यादीत आणला, पण आपला चालक त्यात बसत नाही. म्हणून गाडीच्या आतली वागणूक दोघांनी एकमेकांची बघायची, याला पर्याय नाही. तुम्ही पहिल्याच बैठकीत हे सगळ्यांसमोर, डॉक्टरांना उद्देशून, स्पष्ट सांगा: या कामापुरते चालक आणि डॉक्टर एकमेकांचे बरोबरीचे साक्षीदार आहेत. ज्या डॉक्टरांना हे पटत नाही त्यांच्याशी स्वतंत्र बोला, पण फॉर्ममध्ये दोन वेगळे रकाने करू नका.

विचारायचं काय? मी पाच-सहा प्रश्नांपलीकडे जात नाही, आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात एक घटना लागते, तारीख आणि केस क्रमांकासह. रुग्णाचं नाव या कागदावर कधीच नको. या महिन्यात सोबत्याने रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलताना असं काही केलं का, की जे तुम्हीही करावंसं वाटलं? असं काही बोलले का, की जे तुमच्या आईला कोणी बोललं असतं तर तुम्हाला चाललं नसतं? पाळी घेताना ऑक्सिजनचा दाब, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं मशीन), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दोघांनी मिळून तपासली का? कागदावर लिहिलेलं प्रत्यक्ष केलेलं होतं का? तुम्ही काही धोका दाखवलात तेव्हा त्यांनी ऐकलं का? आणि हॉस्पिटलमध्ये रुग्णाचा ताबा देताना काय झालं?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण वागणुकीचा कस तिथे लागतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत खाट नाही, आपला स्ट्रेचर अडकलाय, पुढची केस लागलीय, सिस्टर दुसऱ्या पेशंटला सलाइन लावतायत, वॉर्डबॉय मामा दिसत नाहीत. अशा वेळी एखादा डॉक्टर दारातूनच ओरडतो, एखादा कागद टेबलावर टाकून निघतो, आणि एखादा चाकाची खुर्ची स्वतः शोधून आणतो, सिस्टरना तीन वाक्यांत केस सांगतो आणि सही घेऊन जातो. हे फक्त चालकाने पाहिलेलं असतं. तसंच डॉक्टरने पाहिलेलं असतं की रुग्ण स्थिर असताना, डॉक्टरने सांगूनही, चालकाने सायरन लावून गाडी रेटली. मागे कोणाला पट्टा नव्हता.

पहिला प्रश्न मी मुद्दाम चांगल्या गोष्टीचा ठेवते, पण तो सक्तीचा करत नाही. टीकेच्या आधी कौतुक लिहाच असा नियम केला की लोक ‘स्वभाव चांगला आहे’ असं लिहून सुटतात. स्वतःहून आलं तर मात्र ते सोनं असतं. एका डॉक्टरांनी त्यांच्या चालकाबद्दल लिहिलेलं मला आठवतं: चाळीच्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळेना म्हणून आजींना चादरीत उचलून खाली आणायचं होतं, खाली गल्ली जमलेली. चालकदादा मध्येच थांबले, आजींची वर सरकलेली साडी घोट्यापर्यंत ओढली, शेजारच्या बाईंना पदर नीट करायला सांगितला आणि मग म्हणाले, ‘चला, आजी, आता निघू.’ ही घटना आता मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. ‘आदर’ या शब्दाचा तास घेण्यापेक्षा ती बरी.

कागद भरून झाला की तो कोणाकडे जायचा? आधी ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे. हा क्रम फार महत्त्वाचा. लिहिणाऱ्याने तो समोरच्याला वाचून दाखवायचा, मग दोघांनी सही करून समन्वयकाकडे द्यायचा. जे तोंडावर बोलता येत नाही ते कागदावर लिहायचं नाही, एवढी एकच अट ठेवली की निम्मा कचरा आपोआप गळतो. आणि यासाठी महिनाअखेरीची वाट बघायचीही गरज नाही. पेशंट उतरवल्यावर हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला गाडी उभी करून स्ट्रेचर हायपोक्लोराइटने पुसतो, हातमोजे बदलतो, चादर टाकतो, त्या पाच-सात मिनिटांत जे बोलणं होतं ते कुठल्याही बैठकीत होत नाही. दोघांचे हात कामात असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही. ‘दादा, त्या वळणावर मी मागे उभी होते, जरा सांगितलं असतं तर धरलं असतं’ एवढं वाक्य तिथे सहज निघतं. महिन्याचा कागद म्हणजे त्या बोलण्यातलं लक्षात राहिलेलं एखादं.

घटना हातात आल्यावर समन्वयकाने काय करायचं, यासाठी मला डेव्हिड मार्क्स यांची विभागणी उपयोगी पडते. २००१ नंतरच्या वर्षांत अमेरिकेत रुग्णसुरक्षेसाठी त्यांनी मांडलेला विचार असा: चुकून झालेली गोष्ट, धोका नाही असं समजून लागलेली वाईट सवय, आणि धोका समजत असूनही केलेली बेपर्वाई. या तिघांना एकच औषध चालत नाही. पहिलीत माणसाला धीर द्यायचा आणि कामाची पद्धत सुधारायची, दुसरीत शिकवायचं, तिसरीत कारवाई. आपल्याकडे बहुतेक गोष्टी दुसऱ्या खान्यात पडतात. बीपीचे बसवलेले आकडे, मागच्या कप्प्यात पट्टा न लावणं, पाळी घेताना सिलिंडरकडे नुसतं बघून ‘आहे’ म्हणणं. सगळेच करतात, कधी काही झालं नाही, म्हणून ते चूक वाटेनासं होतं. अशा सवयीला मेमो दिला की माणूस सवय सोडत नाही, लपवायला शिकतो. म्हणून आधी प्रश्न हा, की असं करणं त्याला सोपं का जातं?

काही गोष्टी मात्र या कागदावर येताच कामा नयेत. नातेवाइकांकडून चहापाण्याचे पैसे घेणं. ठरावीक खासगी हॉस्पिटलकडे पेशंट वळवून कट घेणं. ड्यूटीवर दारू. औषधांची चोरी. हे मूल्यमापन नव्हे, ही तक्रार आहे. ती त्याच दिवशी, फोन करून, वरिष्ठाकडे जायला हवी. महिनाअखेरीस ‘सचोटी: अजून जमत नाही’ असं लिहून नव्हे. दारू प्यायलेला चालक गाडी काढत असेल तर डॉक्टरने गाडीत बसू नये आणि समन्वयकाने दुसरी गाडी पाठवावी, एवढा नियम लेखी असू द्या.

लैंगिक छळाबाबत तर अधिक सावध राहा. रात्रपाळीला गाडीत एक तरुण डॉक्टर आणि एक चालक, दोघांत कोणीही कोणाचा त्रास सोसत असू शकतो, पण बहुधा कोण सोसतं हे आपल्याला माहीत आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असावीच लागते, म्हणजे तुमच्याकडे असायलाच हवी. संस्थेने दिलेलं वाहनही त्या कायद्यात कामाची जागा धरलं जातं. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. एखाद्या मुलीने मूल्यमापनाच्या कागदावर ‘बोलण्याची पद्धत बरी नाही’ असं मोघम लिहिलं तर त्यावर दोघांची समेटाची बैठक घेऊ नका. तिच्याशी एकटीशी, शक्यतो बाईमाणसाने बोलावं, आणि तिला समितीचा रस्ता सांगावा. तो रस्ता घ्यायचा की नाही हे तिचं ती ठरवेल. आणि ‘समोर वाचून दाखवायची’ अट या बाबतीत लागू नाही, हे आधीच जाहीर करा.

आता पगारवाढ. जोडू नका म्हणते कारण ज्या दिवशी कागदावरून पैसे ठरतात त्या दिवसापासून कागदावर खरं येत नाही. चालकाला ठाऊक असतं की डॉक्टरची वाढ आपल्या हातात आहे, डॉक्टरला ठाऊक असतं की दादांची आपल्या हातात आहे. मग दोघं तह करतात. तुम्हाला मिळालेले पाचपैकी पाच हा तहाचाच एक सौम्य प्रकार होता. पण याचा अर्थ वागणुकीचा नोकरीशी काही संबंध नाही असा नव्हे. २००५ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. पुढे ज्यांच्यावर वैद्यक मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली असे २३५ डॉक्टर घेतले आणि त्यांच्या कॉलेजातल्या जुन्या नोंदी ४६९ इतर डॉक्टरांशी ताडून बघितल्या. कारवाई झालेल्यांच्या जुन्या नोंदींत गैरवागणुकीचे शेरे सापडण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. त्यातही दोन गोष्टी सर्वांत ठळक होत्या: कमालीचा बेजबाबदारपणा, आणि सांगूनही स्वतःत सुधारणा न करणं.

मला या दुसऱ्या गोष्टीचं मोल फार वाटतं. एका महिन्याच्या एका शेऱ्यावरून माणूस कळत नाही. तीन वेगवेगळ्या सोबत्यांनी तीन वेगळ्या महिन्यांत तीच घटना लिहिली, दर वेळी त्याने कागदावर सही केली, दर वेळी ‘हो, लक्ष देईन’ म्हणाला आणि चौथ्या महिन्यातही तेच, तर मग ती तुमची, समन्वयकाची बाब होते. तेव्हा तुम्ही स्वतः त्याच्या गाडीत दोन-तीन पाळ्या बसा. स्वतः बघितलेल्यावर निर्णय घ्या आणि तो तुमच्या सहीने घ्या. सहकाऱ्याच्या कागदावर बोट ठेवून कोणाला काढलंत, तर पुढे कोणी काही लिहिणार नाही.

ज्या डॉक्टरांना दोन-दोन पडले त्यांचं आणि त्या चालकाचं काय करायचं, हे वेगळं सांगते. आधी सगळ्यांना कळवा की तो फॉर्म रद्द केला आहे आणि त्यातले गुण पुसले आहेत. ही पद्धत ऑफिसने आणली होती, तेव्हा जबाबदारीही ऑफिसची. मग चालकाशी एकट्याशी बोला. ‘दोन का दिलेस?’ असं विचारू नका, त्याला वाटेल चौकशी आहे. एखादी केस सांगता येईल का, एवढंच विचारा. नाही सांगता आली तर विषय संपला आणि तसं डॉक्टरांना सांगा. सांगता आली, तर ती त्याने स्वतः, तुमच्यासमोर, डॉक्टरांना सांगायची. दोन-तीन आठवडे दोघांच्या पाळ्या वेगळ्या ठेवल्या तरी चालेल. कायमच्या वेगळ्या मात्र नको. सहा गाड्यांच्या सेवेत कोण कोणाबरोबर बसणार नाही याची यादी एकदा सुरू झाली की वर्षभरात तक्ता लावता येत नाही.

सुरुवात करताना सगळे प्रश्न एकदम आणू नका. पहिल्या महिन्यात दोनच ठेवा: पाळी घेताना तपासणी दोघांनी मिळून झाली का, आणि हॉस्पिटलमध्ये ताबा देताना काय झालं. यात कोणाच्या स्वभावाला हात लागत नाही, त्यामुळे लिहायची भीती मोडते. कागद तुमच्या कपाटात, कुलपात. वर्ष झालं की फाडून टाका, आणि तसं करणार हे आधीच सांगा.

एक गोष्ट जवळजवळ खात्रीने होईल, तिची तयारी ठेवा. पहिल्या महिन्याच्या कागदांत सोबत्यापेक्षा तुमच्याबद्दल जास्त लिहिलेलं असेल. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पंधरवड्यापासून नाहीत. सक्शन मशीन चार्ज धरत नाही. सलग दुसरी बारा तासांची पाळी लावली, मग पेशंटच्या मुलावर ओरडलो. लहान मुलांचा मास्क मागितला होता. हे विषयांतर समजू नका. ग्लुकोमीटर चालत नसताना रस्त्यावर पडलेल्या माणसाला ‘प्यायलाय’ म्हणून बाजूला सारणं फार सोपं होतं, त्याची साखर उतरलेली असू शकते हे माहीत असूनही. अशा नोंदींची यादी करून ऑफिसच्या भिंतीवर, ड्यूटीच्या तक्त्याशेजारी लावा. समोर तारीख टाका, कोणती वस्तू कधी आली. पट्ट्या आल्या की दुसऱ्या महिन्यात लोक एकमेकांबद्दलही लिहू लागतील. नाही आल्या, तर पुढचे चार प्रश्न छापायचा खर्च करू नका.